प्रकल्प नोंदी : मूर्ती, पाट्या आणि हात

२२ मे २०२३

आज काम हातात आलं. रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या संग्रहालयात 'कोकणातील शिल्पकलेचा इतिहास' हे प्रदर्शन मांडायचं आहे. जागा म्हणजे जुन्या बंगल्याचं तळमजल्यावरचं एक दालन, साधारण ३८ बाय २२ फूट. त्याला लागून कौलारू ओसरी आणि वर फळ्यांच्या जमिनीची माडी. नोव्हेंबरात, जागतिक वारसा सप्ताहात उघडायचं. समितीने आराखडा आधीच करून ठेवलाय : सातवाहन, कलचुरी, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव, पोर्तुगीज, इंग्रज. प्रत्येक राजवटीला एक भिंत, भिंतीवर मोठा फलक, खाली दोन-चार दगड.

आराखड्यात चूक काढण्यासारखं काही नाही. शाळेचं पुस्तक असंच असतं, लोकांना सवय आहे. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. सगळ्या फलकांवर मिळून राजांची चाळीसएक नावं आहेत आणि दगडाला हात लावलेल्या माणसाचं एकही नाही. अशी नावं मिळतच नाहीत, की आपण शोधली नाहीत? आधी हे बघायचं, मग भिंती.

२७ मे

घारापुरी. सकाळच्या पहिल्या बोटीने गेले, सोबत मोजपट्टी, टॉर्च आणि वही. गर्दी व्हायच्या आत मुख्य लेण्यात अर्धा तास मोकळा मिळाला.

लेण्याचं तोंड उत्तरेला. समोर दक्षिणेच्या भिंतीत सदाशिव, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो. अठरा-वीस फूट उंच. डावीकडे अघोराचा उग्र चेहरा, उजवीकडे उमेचा सौम्य चेहरा, मधला मिटल्या डोळ्यांचा. सगळे मधल्या चेहऱ्यासमोरच उभे राहतात आणि ते साहजिकच आहे. मीही राहिले. मग मुद्दाम पाठ फिरवली आणि जिथे कोणी बघत नाही तिथे टॉर्च तिरका धरून फिरवला. मूर्तींच्या गालांवरून टाकीचे घाव पार घासून काढलेत, पण कोपऱ्यातल्या भिंतींवर, छताच्या कडांना ते तसेच आहेत. बोटभर लांब, तिरके, शेजारी शेजारी. मध्येच एका ठिकाणी दिशा बदलते. तिथे एका माणसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू झालं असेल, किंवा त्याच माणसाने बसण्याची जागा बदलली असेल. चौदाशे वर्षांपूर्वीची ती हालचाल टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसते.

आणि हे लेणं कोणाचं? इथे एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला आणि तिकडे तो हरवला, अशी नोंद त्यांच्याच दियोगो दो कूतो या इतिहासकाराने केली आहे. सहाव्या शतकाच्या मध्यातलं काम, बहुधा कलचुरी कृष्णराजाच्या काळातलं, असं अभ्यासक शैलीवरून आणि सापडलेल्या नाण्यांवरून म्हणतात. म्हणजे इथे मूर्ती राहिली आणि पाटी गेली.

६ जून

वर लिहिलं त्याच्या नेमकं उलट नाणेघाटात आहे, हे आज नोंदी काढताना लक्षात आलं आणि बसल्या जागी उठून उभी राहिले. नाणेघाटाच्या लेण्यात भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव : राया सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी. मूर्ती साफ गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नावं मात्र दोन हजार वर्षं डोक्याच्या उंचीवर टिकून आहेत. पाट्या लिहिण्याचं काम वीस वर्षं करतेय. आपल्या धंद्यातली एवढी जुनी पाटी दुसरी मला माहीत नाही.

आणि तिसरी गोष्ट कोंढाण्याची. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याला. चैत्यगृहाच्या दर्शनी भागापाशी एक तुटलेली यक्षमूर्ती, तिचं शिर उरलंय. त्याच्या बाजूला ब्राह्मीत एक ओळ : कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. राजा नाही, दान देणारा व्यापारी नाही. ज्याने केलं त्याचं नाव, आणि त्याच्याही आधी त्याच्या गुरूचं.

तर नावं मिळतात.

१८ जून

समितीची बैठक. मी मांडलं : राजवटींच्या भिंती काढून टाकू. दालनाचा सुरुवातीचा एक तृतीयांश भाग घारापुरी, नाणेघाट आणि कोंढाणे या तीन ठिकाणांना देऊ, मोठ्या छायाचित्रांसह. मूर्ती आहे पण नाव नाही. नाव आहे पण मूर्ती नाही. आणि मूर्ती तुटली तरी करणाऱ्याचं नाव आहे. बघणाऱ्याच्या मनात 'हे कोणी केलं?' हा प्रश्न इथेच उभा राहिला पाहिजे. उरलेलं दालन दगड, माती, प्लास्टर आणि धातू हातात कसे येतात त्यावर.

अभिरक्षक मॅडमना पटलं. समितीतले एक निवृत्त प्राध्यापक मात्र ठाम होते. "मुलं बघायला येतील. त्यांना आधी काय, नंतर काय हे कळलं नाही तर तुमचे हात त्यांना कुठल्या शतकात ठेवायचे ते समजणार नाही." सरांचं म्हणणं बरोबर आहे. काळाशिवाय इतिहास होत नाही. शेवटी ठरलं : भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून दीड फुटावर, लाल कावेची एक सलग पट्टी, तिच्यावर शतकं आणि राजवटी. मुलांच्या नजरेत सहज येते, आणि मोठ्यांना हवी असेल तेव्हा खाली बघता येते.

२ जुलै

पावसात पाथरवटाच्या पालावर. हमरस्त्याच्या कडेला, ताडपत्रीखाली पाटे, वरवंटे, जाती, दोन नंदी आणि एक अर्धवट मारुती. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. काम सांगितलं : काळ्या पाषाणाचे एकसारखे पाच तुकडे, प्रत्येक हातभर. पाचांवर एकच गोष्ट घडवायची, अभय मुद्रेतला हाताचा पंजा. पहिल्यावर फक्त गेरूची आखणी. दुसऱ्यावर मोठा दगड उडवून काढलेला ढोबळ आकार. तिसऱ्यावर बोटं सुटी झालेली. चौथ्यावर टाकीने बारीक काम. पाचवा घासून पूर्ण. लोकांनी पाचही हातांनी चाचपून बघायचे. संरक्षित स्मारकातल्या मूर्तींचे साचे घ्यायला रीतसर परवानगी लागते आणि आमच्याकडे तेवढा वेळ नाही. पण त्याहून मोठं कारण असं की पुरा झालेला हात सगळे बघतात, होत असलेला हात कोणी बघितलेला नसतो.

मामांनी दगड निवडले ते ऐकून. हातोडीचं टोक हलकेच मारायचं आणि कान द्यायचा. खणखण वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत चीर आहे, बाजूला टाकायचा. मलाही वाजवायला लावलं. सात दगडांत मला एक बद्द सापडला, त्यांनी तीन काढले.

मामी मागे भट्टीपाशी होत्या. भाता, कोळसा, लाल झालेल्या टाक्या. टोक ठोकून नीट करायचं आणि पाण्यात बुडवायचं. किती बुडवायचं ते रंगावर. जास्त पाणी पाजलं तर टोक उडतं, कमी पाजलं तर दोन घावांत बोथट होतं. आपल्या सह्याद्रीचा हा दगड लाव्हाचा, भयंकर कडक. वाळूच्या दगडावर टिकते तेवढी धार इथे टिकत नाही.

१४ जुलै

वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड, बघायला गेले. संग्रहालयापासून अर्ध्या तासावरचं गाव, देवळाच्या मागे पिंपळाखाली. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, आठ इंच जाड. ग्रामपंचायत तीन महिन्यांसाठी द्यायला तयार आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलाय, शेजारी गाई. म्हणजे बहुधा गोधन सोडवताना मेला. मधल्या चौकटीत लढाई असायला हवी. त्याच्या वर अप्सरा त्याला नेतात, मग तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर कलश, आणि बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते असतील तोवर ही आठवण. बोरिवलीजवळ एक्सरला असेच मोठे वीरगळ आहेत आणि त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचं युद्ध समुद्रावर.

इथली मधली चौकट दिसतच नाही. शेंदूर. वर्षानुवर्षांचे थर, तीन बोटं जाड, गुळगुळीत, तेलाने चमकणारा. खालची लढाई गायींसाठीची आहे की आणखी कशासाठी, वीर पायी लढतोय की घोड्यावर, सगळं त्याच्याखाली. वहीत लिहिलं : "संवर्धकाकडून शेंदूर काढून घेणे." २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप काढला तेव्हा आतून मूळ रूप कसं प्रकट झालं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तेच डोळ्यासमोर होतं.

२९ जुलै

गावात पुन्हा. सरपंच, पुजारी, चार-पाच जाणती माणसं पारावर. सध्या अधिक महिना आहे, अधिकात देव हलवायचा नाही, दिवाळीनंतर बघू, इतकं सहज झालं. मग मी शेंदराचा विषय काढला. सगळे गप्प झाले. पलीकडे एक आजी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाय, तू त्याला उघडा करणार?"

मी समजावायला लागले, हा वीर आहे, खाली त्याची लढाई आहे, ती दिसेल. आजी म्हणाल्या, "लढाई त्याची झाली. आता तो आमची गुरं राखतो. माझ्या सासूने लावलाय शेंदूर, तिच्या सासूने लावलाय. तो तू काढलास तर तिचा हात पण निघंल."

परतीच्या रस्त्यावर एसटीत खिडकीपाशी बसून हेच वाक्य परत परत ऐकत होते. दोन महिने मी घडवणाऱ्या हातांच्या मागे आहे आणि त्या दगडावरचे सर्वांत अलीकडचे हात मी घाण समजून धुवायला निघाले होते. वीराचं नाव कोणालाच माहीत नाही. पण गावात त्याला एक नाव आहे आणि त्या नावाने त्याला हाक मारणारी माणसं आहेत. शेंदूर काढायचा नाही. वहीतली ओळ खोडली.

३१ जुलै

परळचा शिव. १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेलं, अखंड दगडातलं, माणसाहून दुप्पट उंच शिल्प. एकातून एक उमलणारे सात शिव. मूळ शिल्प आजही परळच्या देवळात, पूजेत आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याचा प्लास्टरचा साचा. हा तोडगा जुना आहे आणि शहाणपणाचा आहे. आमचा वीरगळ येताना देव म्हणूनच येईल, याची तयारी करायची.

शेंदूर हे शिशाचं संयुग, त्यामुळे लोकांनी हात लावायचा नाही. समोर तीन फुटांवर दोरी. पूजेला येणारे दोरीच्या आत.

११ ऑगस्ट

मामांचा फोन, "ताई, तिसरा गेला." जाऊन बघितलं. करंगळीच्या मुळाशी तडा, अर्धा पंजा सुटलेला. वाजवताना ठीक होता, पण आत नखाएवढी गारगोटीची गाठ निघाली, टाकी तिच्यावर बसली आणि दगड फाटला. मामा नवीन करून देतो म्हणाले आणि करतीलही. पण हा मी मागून घेतला. पाचांच्या रांगेत तो सहावा म्हणून लागेल. आपल्या लेण्यांत अर्धवट सोडलेली कामं जागोजागी दिसतात. त्यांतल्या काहींचं कारण अशीच एखादी गाठ असणार.

२६ ऑगस्ट

एका दिवसात पेण आणि सासवणे.

पेणला गणपती तोंडावर, पाय ठेवायला जागा नाही. शाडू गुजरातहून येतो, इथे मळला जातो, साच्यात दाबला जातो. दोन भाग जोडायचे, सांधा ओल्या बोटाने पुसायचा. ज्या कारागिरांकडे डोळ्यांची आखणी असते ते दुसरं काहीच करत नाहीत. त्यांच्याभोवती बाकीचे आवाजसुद्धा कमी करतात. मातीचं काम भर घालण्याचं, दगडाचं काढून टाकण्याचं. चुकलं तर माती माफ करते. दालनात या दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या.

सासवणे हे विनायक पांडुरंग करमरकरांचं गाव (१८९१ ते १९६७). लहानपणी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरने बघितलं आणि मुलाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच केला. त्यांच्या घरातल्या शिल्पालयात 'मत्स्यगंधा' आणि 'शंखध्वनी'समोर मी बराच वेळ होते. शेजारची कोळीण, गावातलं जनावर, घरातली माणसं. देवळाबाहेरचं जग शिल्पात आलं ते असं. त्याच्याही आधी, १८९६ साली, गणपतराव म्हात्रे यांनी विशीच्या वयात प्लास्टरमध्ये 'मंदिरपथगामिनी' केली. नऊवारीतली तरुणी, हातात पूजेचं साहित्य. ती देवी नाही, देवळात निघालेली बाई आहे. आणि आपण तिला तिच्या शिल्पकाराच्या नावासकट ओळखतो. बलकानंतर पुन्हा नावं ठळक व्हायला लागली ती इथे.

या दोघांसाठी एक भिंत पुरी. छायाचित्रं आणि कागदपत्रांवर प्रकाश ५० लक्सच्या वर नको.

५ ऑक्टोबर

प्रकाशयोजना. दगडाला उजेडाचं भय नाही, त्यामुळे इथे मोकळीक आहे. विजेच्या माणसाने सवयीने समोरून दिवे लावले होते आणि सगळे पंजे पोळपाटासारखे सपाट दिसत होते. सगळे काढून डाव्या अंगाने, भिंतीला जवळजवळ घासून जाईल असा एकेक दिवा दिला. चौथ्या दगडावरचा प्रत्येक घाव उठून आला. घारापुरीत टॉर्चने दिसलं होतं तसं.

अक्षीच्या शिलालेखाचा ठसाही याच उजेडात वाचता येतो. अलिबागजवळचं अक्षी, शिलाहार केशिदेवाच्या काळातला लेख. अभ्यासक तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. दान मोडणाऱ्याला त्यात गाढवाची शिवी आहे. ती पाटीवर सौम्य न करता लिहायची असं मॅडमचं मत, माझंही तेच. दगडाने जे सांगितलं ते आपण झाकायचं कशाला?

१७ ऑक्टोबर

आज अंध मुलांच्या शाळेतली अकरा मुलं आली, सहा दगड चाचपायला. आखणीचा पहिला दगड त्यांना कळेना, गेरूला उंची नसते. ही माझी चूक. आखणीच्या रेघा मामांकडून हलक्या कोरून घ्यायच्या.

दुसऱ्यापासून मात्र मी गप्प बसून फक्त ऐकलं. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने चौथ्या दगडावरून बोटं हळूहळू नेली आणि म्हणाला, "हे सगळं इकडून मारलंय. तो इथे बसला होता." मामा खरोखर त्याच बाजूला बसून काम करतात, मी बघितलंय. पाचव्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हा गार आहे." सगळे एकाच खोलीतले, एकाच दगडाचे. पण घासलेला पृष्ठभाग तळहाताला पुरता टेकतो आणि ऊब जास्त ओढून घेतो. चार महिने ते दगड हाताळून मला ते जाणवलं नव्हतं. तडा गेलेल्या दगडाला एका मुलीने कितीतरी वेळ धरून ठेवलं.

पाटी बदलली. आता तिच्यावर पहिलंच वाक्य आहे : "डोळे मिटून हात लावा."

१७ नोव्हेंबर

भाऊबीज झाली आणि आज वीरगळ आला. वजन काढलं होतं, साधारण साडेपाचशे किलो. माडीचा प्रश्नच नव्हता आणि दालनाच्या दारातूनही वळत नव्हता. ओसरीच. आता वाटतं हीच त्याची जागा : वर कौलं, समोर अंगण, पिंपळ नाही पण आंब्याची सावली. तिकाटणं उभं करून चेनकप्पीने उचलला. पट्ट्याखाली गोधड्या गावातल्या बायकांनी दिल्या, शेंदूर खरवडू नये म्हणून. खाली टेकवल्यावर पुजाऱ्यांनी नारळ फोडला. अमावस्येला गावकरी येतील, त्या दिवशी ओसरी सकाळी तासभर लवकर उघडायची. आजी आल्या होत्या. वीरगळाभोवती एक फेरी मारून, दोरीकडे बघून म्हणाल्या, "बरं केलंस. लोक उगाच हात लावतात."

पाटी अशी : वीराचं नाव ठाऊक नाही. घडवणाऱ्याचं ठाऊक नाही. शेंदूर : गावातल्या सासवा-सुनांनी, पिढ्यानपिढ्या.

२५ नोव्हेंबर

उघडलं. दोनशेच्या वर माणसं. प्राध्यापक सरांनी तळाच्या पट्टीवर वाकून राष्ट्रकूटांचं एक साल दुरुस्त करायला सांगितलं, ते रात्रीच केलं.

मामा नवा सदरा घालून, मामींना घेऊन आले. सहा दगडांपाशी पाटी आहे : "घडवणारे", खाली मामांचं पूर्ण नाव आणि त्यांच्या वडिलांचं, कारण काम त्यांच्याकडून शिकले. मामांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "ताई, एक राहिलं. धार हिची आहे. हिने भट्टी लावली नसती तर एक बोट निघालं नसतं." २ जुलैच्या नोंदीत मी स्वतः ते लिहून ठेवलंय. तरी पाटीवर आलं नाही.

२८ नोव्हेंबर

नवी पाटी आज लावली, तीन नावांची. मामींना वाचता येत नाही. कुठलं माझं, म्हणून विचारलं, दाखवलं, त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं. मग दालनभर फिरल्या आणि कोंढाण्याच्या छायाचित्रापाशी थांबल्या. "ह्याच्यात कुठलं नाव?" मी ब्राह्मीतली ती अक्षरं बोटाने दाखवली : ब, ल, क.

"एवढंच?" म्हणाल्या, आणि तीन अक्षरं स्वतःशी मोजली.